खांद्याची तुटलेली कंडरा : घाई कोठे, धीर कोठे?

दुकानाचे शटर वर ढकलणे, वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढणे, धान्याची गोणी काट्यावर चढवणे, मंदिरात अभिषेकाचा कलश उंच धरणे, ही सर्व कामे खांदा इतक्या सहजपणे करतो की त्याची दखल कोणी घेत नाही. ती घेतली जाते तेव्हा बहुधा रात्र असते. दुखऱ्या कुशीवर वळता येत नाही, झोप मोडते, आणि सकाळी सदऱ्याच्या बाहीत हात घालताना खांद्यातून कळ निघते. व्यापारी घरात अशा दुखण्याचे पहिले निदान गल्ल्याशेजारीच होते. कोणी म्हणतो, ‘वात आहे’. कोणी म्हणतो, ‘खांदा आखडला, तेल लावून रगडा’. कोणी मानेच्या मणक्याला दोष देतो. त्यात महिने निघून जातात. काहींच्या बाबतीत त्या महिन्यांनी फारसे बिघडत नाही. काहींच्या बाबतीत मात्र तेच महिने कायमचे नुकसान करून जातात. हा भेद वेळीच ओळखणे, हा या दुखण्यातील मुख्य प्रश्न आहे.

खांद्याची रचना

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची उखळी मात्र अगदी उथळ असते. उथळ बशीवर मोसंबे टेकवून ठेवावे, तशी तिची ठेवण आहे. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरू शकतो, आणि म्हणूनच हा सांधा स्थिर ठेवण्याचे काम हाडांना करता येत नाही. ते काम खांद्याच्या पात्यापासून निघणारे चार स्नायू करतात. स्नायू जेथे हाडाला जोडला जातो, तेथे त्याचा चिवट दोर होतो. त्याला कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून वेढतात. या वेढ्याला वैद्यकात ‘रोटेटर कफ’ असे नाव आहे.

हात वर नेण्याचा मुख्य जोर खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूचा असतो. परंतु तो जोर लावत असताना गोळा उखळीच्या मध्यावर दाबून धरण्याचे काम या वेढ्याचे असते. वेढा तुटला की डेल्टॉइड हात वर नेण्याऐवजी गोळ्यालाच वर खेचतो. गोळा वरच्या हाडाच्या छपराला घासतो, आणि हात अर्ध्यावर अडकतो. फाटणी पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, किंवा चारपैकी दोन अथवा अधिक कंडरा पूर्ण तुटल्या असल्या, तर तिला सामान्यतः अतिमोठी फाटणी म्हणतात. तपासणीच्या अहवालात तिचा उल्लेख ‘मॅसिव्ह टेअर’ असा येतो. हा शब्द वाचून अनेक कुटुंबे धास्तावतात. पण त्या शब्दावरून उपचार ठरत नाही.

आखडलेला खांदा आणि फाटलेली कंडरा

आपल्याकडे मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, आणि मधुमेहात खांदा आखडण्याचा विकार वारंवार दिसतो. त्यामुळे प्रत्येक खांदेदुखीला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. दोहोंतील ढोबळ फरक घरीही लक्षात येऊ शकतो. आखडलेल्या खांद्यात दुसऱ्याने हात उचलून दिला तरी तो एका मर्यादेपुढे जातच नाही; सांध्याचे आवरणच आकसलेले असते. कंडरा फाटलेली असताना दुसऱ्याने उचलून दिलेला हात बहुधा पूर्ण वर जातो, पण स्वतःच्या बळावर तो नेता येत नाही, किंवा वर नेलेला हात आधार काढताच खाली पडतो. केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा घेताना किंवा चहाची किटली कलती करताना बळ कमी पडणे हीही तुटलेल्या कंडरेची खूण असू शकते. हा ढोबळ भेद निदानाची जागा घेऊ शकत नाही. काही रुग्णांत दोन्ही विकार एकत्रही असतात. परंतु ‘आखडला आहे, रगडा’ असे म्हणण्यापूर्वी एवढे पाहून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे शहाणपणाचे.

फाटणीचे दोन प्रकार, काळाचे दोन हिशेब

तुटलेल्या कंडरेचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांना लागू होणारा काळाचा हिशेब परस्परांहून भिन्न आहे.

पहिला प्रकार अपघाताचा. समजा, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ दुचाकीवरून खांद्यावर पडले, किंवा गोदामाच्या शिडीवरून घसरताना एका हाताने लोंबकळले. कालपर्यंत पूर्ण वर जाणारा हात आज छातीपर्यंतही जात नाही. क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसत नाही, म्हणून सर्वजण निश्चिंत होतात. परंतु क्ष-किरण चित्रात कंडरा दिसतच नाही. चाळिशीनंतर खांदा निखळला आणि बसवल्यानंतरही हात उचलत नसला, तर कंडरा तुटली असण्याची किंवा मज्जातंतूला इजा झाली असण्याची शक्यता गंभीरपणे पाहावी लागते. येथे काळ रुग्णाच्या विरुद्ध चालतो. तुटलेली कंडरा आत सरकते, तिच्यामागचा स्नायू वापराविना सुकतो आणि त्यात चरबी भरू लागते. पहिल्या काही आठवड्यांत ती पुन्हा हाडाला शिवणे सुकर असते. काही महिन्यांनी ते कठीण होते, आणि पुढे कधीकधी अशक्य होते. म्हणून अपघातानंतर हात एकाएकी निकामी झाला असेल, तर सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि खांद्याच्या तज्ज्ञाचा सल्ला यांसाठी दिवाळीचा हंगाम किंवा घरातले लग्न उरकण्याची वाट पाहू नये.

दुसरा प्रकार झिजेचा. वयाबरोबर कंडरेचा रक्तपुरवठा आणि चिवटपणा कमी होतो; जुन्या दोरीसारखी ती धाग्याधाग्याने विरत जाते. येथे पडझड नसते, निश्चित दिवस नसतो. जपानमधील एका गावातील ६६४ रहिवाशांची सोनोग्राफी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ टक्के लोकांच्या कंडरेत आरपार फाटणी आढळली, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना खांद्याचा कसलाही त्रास नव्हता. तपासणी झाली नसती, तर त्यांना ती फाटणी कधी कळलीही नसती. म्हणून सत्तरीच्या व्यक्तीच्या एमआरआय अहवालात फाटणी दिसली, एवढ्यावरून आठवड्याच्या आत शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचे कारण नाही. येथे धीर धरण्यास जागा आहे. अर्थात धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. झिजेची फाटणीही कालांतराने वाढू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

अहवालात काय पाहावे

फाटणीच्या लांबी-रुंदीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक महत्त्वाची माहिती म्हणजे मागच्या स्नायूची अवस्था. फ्रान्समधील गुतालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली स्नायूत किती चरबी भरली आहे, याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. तिसऱ्या पायरीवर स्नायू आणि चरबी समप्रमाणात असतात. चौथीवर चरबी अधिक. ज्या स्नायूची चरबी झाली, तो कंडरा शिवून पुन्हा जागा होत नाही. दोर नवा बांधता येईल, पण ओढणारा बैलच थकलेला असेल तर मोट चालणार कशी? त्याचप्रमाणे दंडाचा गोळा वर सरकला आहे का, सांध्याच्या कूर्चेची झीज झाली आहे का, हे साध्या क्ष-किरण चित्रातही दिसते. शल्यचिकित्सकाला ‘फाटणी केवढी?’ हा एकच प्रश्न न विचारता ‘स्नायू किती जिवंत आहे?’ हेही विचारले पाहिजे.

शस्त्रक्रियेविना उपचार

झिजेच्या फाटणीत पहिला मार्ग व्यायामाचा. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपघाताविना कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ रुग्णांना ठरावीक व्यायामोपचार देण्यात आले. दोन वर्षांनंतर त्यांपैकी चौथ्या हिश्श्याहूनही कमी रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. आणि ज्यांनी ती करून घेतली, त्यांपैकी बहुतेकांचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांतच झाला होता. म्हणजे तीन महिने मनापासून केलेला व्यायाम हीच एक परीक्षा ठरते.

या अभ्यासात अतिमोठ्या फाटण्या थोड्या होत्या. त्यांच्याविषयी इंग्लंडमधील रेडिंग येथील २००८ सालचा एक छोटा अभ्यास उद्बोधक आहे. सरासरी ८० वर्षे वयाच्या, शिवता न येणारी अतिमोठी फाटणी असलेल्या १७ रुग्णांना डेल्टॉइडचा पुढचा भाग बळकट करण्याचा व्यायाम शिकवण्यात आला. सुरुवातीला सरासरी ४० अंशांपर्यंतच उचलला जाणारा हात काही महिन्यांनी १६० अंशांपर्यंत जाऊ लागला. पद्धत साधी आहे. रुग्ण पाठीवर निजतो. दुसऱ्या हाताच्या आधाराने दुखरा हात छताच्या दिशेने सरळ उभा करतो. आधार काढून तो तेथेच तोलून धरतो. मग हळूहळू पुढे-मागे लहान हेलकावे देतो. हे जमले की हातात हलके वजन घेतो, आणि पुढच्या आठवड्यांत पलंगाची डोक्याकडील बाजू थोडीथोडी उंच करत बसून तेच करतो. दिवसातून तीन ते पाच वेळा, निदान बारा आठवडे हा क्रम पाळावा लागतो. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा जाऊन शेक घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. कंडरा यात जुळत नाही. शिल्लक स्नायू तिचे काम अंगावर घेण्यास शिकतात.

सांध्यात दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन वेदना काही आठवडे कमी करते आणि व्यायामाला वाट करून देते. त्याचा उपयोग एवढाच. वारंवार दिल्यास ते कंडरेला दुबळे करू शकते, आणि मधुमेही रुग्णाची साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते. शस्त्रक्रिया ठरत असेल, तर अलीकडच्या काळात इंजेक्शन घेतले होते, हे शल्यचिकित्सकाला सांगणे आवश्यक आहे. कारण त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वतःच्या रक्तातील घटक वेगळे करून टोचण्याच्या पीआरपी उपचाराची जाहिरात मोठी आहे. अतिमोठ्या फाटणीत तो कंडरा जोडून देतो, असा भरवशाचा पुरावा मात्र नाही. तेल लावून जोराने रगडल्याने तुटलेली कंडरा जुळत नाही. दुखावलेला भाग अधिक सुजू शकतो.

शस्त्रक्रियेचे मार्ग आणि वर्षअखेरचा ताळेबंद

खांद्याच्या या शस्त्रक्रियेचा इतिहास बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट एमरी कॉडमन यांच्यापासून सांगितला जातो. त्यांनी १९०९ साली तुटलेली कंडरा शिवली, १९११ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि १९३४ साली खांद्यावर ग्रंथ लिहिला. व्यापारी वाचकांना त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. प्रत्येक रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने प्रत्यक्षात काय झाले, याची नोंद रुग्णालयाने ठेवावी आणि ती लोकांपुढे मांडावी, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. कॉडमन यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांचा हिशेब छापला आणि त्यांत १२३ चुका झाल्याचे स्वतःच नमूद केले. वर्षअखेरचा ताळेबंद पाहूनच धंद्याची खरी स्थिती कळते. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. पुढील प्रत्येक मार्गाकडे याच दृष्टीने पाहावे.

कंडरा शिवणे. दुर्बिणीतून लहान छिद्रांद्वारे कंडरेचे टोक ओढून आणतात आणि हाडात बसवलेल्या छोट्या खुंट्यांना टाक्यांनी बांधतात. अपघाताच्या ताज्या फाटणीत, आणि स्नायू चांगला असलेल्या तुलनेने तरुण रुग्णात हाच पहिला पर्याय आहे. लहान व मध्यम फाटण्यांबाबत नॉर्वेतील १०३ रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. त्यात अखेरीस शिवलेल्या खांद्यांची स्थिती केवळ व्यायाम केलेल्यांपेक्षा सरस आढळली. मोठ्या फाटण्यांचे चित्र निराळे आहे. सेंट लुइस येथील २००४ सालच्या अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या मोठ्या व अतिमोठ्या १८ फाटण्यांपैकी १७ पुन्हा उघडल्याचे सोनोग्राफीत दिसले. तरीही पहिल्या वर्षाअखेर बहुतेक रुग्णांच्या वेदना कमी झालेल्या होत्या आणि हात वर जात होता. दुसऱ्या वर्षी त्यात थोडी घसरण झाली. त्यानंतर टाके घालण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, तरी फाटणी जितकी मोठी आणि वय जितके अधिक, तितकी ती पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक, हा नियम कायम आहे.

अंशतः दुरुस्ती आणि साफसफाई. संपूर्ण कंडरा हाडापर्यंत येत नसेल, तर पुढचा व मागचा भाग जमेल तेवढा बांधून गोळ्याचा तोल साधतात. मधली पोकळी तशीच राहते. काही ज्येष्ठांमध्ये केवळ लोंबणारे धागे काढून, आणि दुखण्याचे कारण ठरणारी दंडातील बायसेप्सची लांब कंडरा सोडवून वेदना पुष्कळ कमी होतात. बळ मात्र याने परत येत नाही.

फुगा. गोळा आणि वरचे छप्पर यांच्यामध्ये पाण्याने भरलेला, काही महिन्यांत विरघळणारा फुगा ठेवण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी लोकप्रिय झाली. अमेरिकेत तिला २०२१ साली परवानगी मिळाली. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत ११७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ साफसफाई केलेल्या रुग्णांची स्थिती फुगा बसवलेल्यांपेक्षा वर्षअखेर अधिक चांगली निघाली, आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेतील एका चाचणीत तो अंशतः दुरुस्तीच्या बरोबरीचा ठरला. नवीन आणि महाग ते चांगलेच, असे गृहीत धरू नये, हे सांगण्यास एवढे पुरे.

वरच्या आवरणाची पुनर्रचना. जपानमधील मिहाता यांनी रुग्णाच्याच मांडीतील चिवट पडदा काढून तो उखळी आणि गोळा यांच्यामध्ये ताणून शिवण्याची पद्धत विकसित केली. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या २४ खांद्यांच्या अहवालात हाताची उचल सरासरी ८४ अंशांवरून १४८ अंशांवर गेली. इतर ठिकाणी मांडीऐवजी मृत दात्याच्या त्वचेचा तुकडा वापरतात. तेथील निकाल एकसारखे नाहीत. सांधा न झिजलेल्या, वयाने तुलनेने तरुण रुग्णासाठी हा पर्याय असतो.

कंडरेचे स्थलांतर. पाठीतील किंवा मानेखालच्या निरोगी स्नायूची कंडरा काढून तुटलेल्या कंडरेच्या जागी बांधतात. स्विस शल्यचिकित्सक ख्रिश्चन गेर्बर यांनी १९८८ साली पाठीच्या रुंद स्नायूचा असा उपयोग मांडला. ज्याला कष्टाची कामे करायची आहेत, ज्याचा सांधा चांगला आहे, परंतु हात बाहेरच्या बाजूस फिरवण्याचे बळ गेले आहे, त्याच्यासाठी हे उपयुक्त. नंतरची शिकवण दीर्घ असते. मेंदूला जुन्या स्नायूचे नवे काम शिकवावे लागते.

उलटा कृत्रिम सांधा. फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली एक धाडसी कल्पना प्रत्यक्षात आणली. निसर्गाने जेथे उखळी दिली तेथे गोळा, आणि जेथे गोळा दिला तेथे वाटी बसवायची. त्यामुळे सांध्याचा मध्य आत व खाली सरकतो, आणि एकटा डेल्टॉइड वेढ्याविनाही हात वर नेऊ शकतो. हात खोटा पडलेल्या, सांधा झिजलेल्या ज्येष्ठांसाठी आज हा सर्वांत खात्रीचा मार्ग मानला जातो. दहा वर्षांनीही दहापैकी नऊहून अधिक सांधे टिकून असल्याचे दीर्घ पाठपुराव्यात दिसले आहे. परंतु हा परतीचा रस्ता नाही. जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, वरच्या हाडाला तडा जाणे हे धोके आहेत. जड ओझे उचलण्यावर कायमची मर्यादा येते. आणि डेल्टॉइड व त्याचा मज्जातंतू शाबूत नसेल, तर सांधा बसवून उपयोग होत नाही. म्हणून तो सामान्यतः पासष्ट-सत्तरीच्या पुढे सुचवला जातो.

जैन कुटुंबांनी आधी विचारावयाच्या गोष्टी

कंडरेला जोड देण्यासाठी बाजारात अनेक प्रकारचे तुकडे मिळतात. काही डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून, काही गोवंशाच्या कंडरेपासून, काही मानवी त्वचेपासून, तर काही पूर्णतः कृत्रिम धाग्यांपासून बनलेले असतात. भुलीखाली असलेल्या रुग्णाला तेव्हा निवड करता येत नाही. नंतर कळल्यावर होणारा मनस्ताप टाळायचा असेल, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच ‘कोणता तुकडा, कशापासून बनलेला, आणि त्याला पर्याय कोणता’ हे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. हा प्रश्न डॉक्टरांना मुळीच अवघड वाटत नाही. डुकराच्या आतड्याच्या तुकड्याविषयी तर वैद्यकीय उत्तरही स्पष्ट आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ३० रुग्णांच्या चाचणीत तो तुकडा लावलेल्या १५ खांद्यांपैकी ४ जुळले, तर न लावलेल्या १५ पैकी ९. संशोधकांनी तो वापरू नये असाच निष्कर्ष काढला.

दुसरी गोष्ट उपवासाची. कंडरा हाडाला धरण्यास सुमारे तीन महिने लागतात, आणि त्या काळात शरीराला प्रथिनांची गरज असते. डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून ती भागते. अठाईसारखे दीर्घ उपवास करण्याचा संकल्प असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख त्यानुसार ठरवावी. झिजेच्या फाटणीत ती चातुर्मासानंतर घेण्यास सहसा अडचण नसते. मधुमेहाची औषधे चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ज्यांचा चौविहार आहे, त्यांनी तो प्रवेशाच्या वेळीच सांगावा. अनेक औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. शस्त्रक्रियेपूर्वी ड जीवनसत्त्व, ब-१२ आणि रक्तशर्करा तपासून घेणे हिताचे. तंबाखू आणि धूम्रपान कंडरा जुळण्यात अडथळा आणतात. ते बंद झाल्याविना उत्तम शस्त्रक्रियेचाही लाभ अपुरा राहतो.

नंतरचे सहा महिने

कंडरा शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात झोळीत राहतो. त्या काळात अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी घरच्यांची मदत लागते, आणि रात्री आरामखुर्चीत रेलून झोपावे लागते. त्यानंतर व्यायाम पायरीपायरीने वाढतो. हलकी कामे तीन महिन्यांच्या आसपास सुरू होतात. जड कामास सहा महिने किंवा अधिक लागतात. गल्ल्यावर बसणे लवकर जमते, मात्र शटर आणि गोण्या दुसऱ्याकडे सोपवाव्या लागतात. ज्या घरात ही व्यवस्था आधी ठरत नाही, तेथे ज्येष्ठ गृहस्थ दुसऱ्याच महिन्यात तागा उचलायला जातात, आणि टाके सुटतात.

भेटीस जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. ही फाटणी अपघाताची आहे की झिजेची? थांबल्यास काय गमावले जाईल?
२. स्नायूत चरबी किती भरली आहे? कंडरा हाडापर्यंत येईल का?
३. तीन महिने ठरावीक व्यायाम करून पाहण्यास हरकत आहे का?
४. या वयाच्या आणि अशा फाटणीच्या रुग्णांचे एक वर्षानंतर काय झाले, याचा आपला अनुभव काय?
५. कोणते साहित्य शरीरात बसेल, कशापासून बनलेले, आणि विम्यात त्याचा खर्च येतो का?
६. वेदना कमी होणे आणि बळ परत येणे, यांपैकी कशाची अपेक्षा ठेवावी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा निर्णय सोपा करते. ज्या आजोबांना रात्रीची झोप आणि स्वतःच्या हाताने घास घेणे एवढेच हवे आहे, त्यांना बारा आठवड्यांच्या व्यायामात ते मिळण्याची चांगली शक्यता असते. ज्या पंचावन्न वर्षांच्या मुलाचा हात काल पडल्यावर निकामी झाला, त्याला मात्र आज संध्याकाळीच तज्ज्ञाची वेळ घेऊन दिली पाहिजे. एकाच घरात, एकाच अहवालाच्या शब्दांत लिहिलेल्या या दोन खांद्यांना दोन भिन्न न्याय लावावे लागतात.